मुक्कामी गाडी : महाराष्ट्रातील जिल्हाधिकाऱ्यांस अनावृत पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व जिल्हाधिकारी तथा सदस्य-सचिव, जिल्हा नियोजन समिती, यांस



खेड्यांच्या दळणवळणाविषयी ज्याला काही मागावयाचे असते तो सामान्यतः मंत्रिमहोदयांना लिहितो, नाहीतर राज्य परिवहन महामंडळाला लिहितो, आणि तक्रार रस्त्याच्या डांबराविषयी असेल तर बांधकाम खात्याला लिहितो. त्या त्या ठिकाणाहून त्याला जे उत्तर येते ते बहुधा खरेही असते, कारण प्रत्येक खाते आपापल्या हद्दीपुरतेच बोलत असते. एका डोंगराळ तालुक्यातील माध्यमिक शाळेत तीस वर्षे शिकवल्यावर, आणि त्यांतील बहुतेक वर्षे विद्यार्थ्यांच्याच बरोबर एस.टी.ने जा-ये केल्यावर, माझी अशी खात्री झाली आहे की हे सारे मागणे ज्या एका मेजावर एकत्र मांडता येईल ते मेज आपल्या कचेरीत आहे. जिल्ह्याच्या वार्षिक योजनेचे कागद आपल्या हातून सिद्ध होतात. प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाचे अध्यक्ष या नात्याने कोणत्या परवान्यावर कोणत्या वाहनाने कोठून कोठवर उतारू न्यावेत याचा विचार आपल्यापुढे होतो. आणि गावालगतची दोन-तीन गुंठे सरकारी जमीन सार्वजनिक कामासाठी लागली, तर त्या प्रकरणाची फाइलही तलाठ्यापासून वर चढत आपल्याच दप्तरात येते. म्हणून हे पत्र आपणांस लिहीत आहे. माझ्या तालुक्याचे आणि तेथील आगाराचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. तेथील माणसे कष्टाळू आहेत, आणि जे मी सांगणार आहे ते एकाच आगाराचे वर्तमान नाही.

आमचे गाव फाट्यापासून सहा किलोमीटर आत आहे. या सहा किलोमीटरांची पहिली खडी १९७२ च्या दुष्काळात गावच्याच बायामाणसांनी फोडली; माझी आई त्या कामावर होती, आणि उडालेल्या कपच्यांचे व्रण तिच्या पायांवर शेवटपर्यंत होते. पुढे कित्येक वर्षे तो रस्ता पावसाळ्यात नाहीसा होई आणि दिवाळीनंतर पुन्हा दिसू लागे. मग मोऱ्या झाल्या, खडीकरण झाले, शेवटी डांबर पडले, आणि डांबर पडल्याच्या दुसऱ्या वर्षी मुक्कामी गाडी सुरू झाली.

शहरात वाढलेल्या वाचकाला मुक्कामी गाडी म्हणजे काय हे कदाचित सांगावे लागेल. संध्याकाळी साडेसातला तालुक्याच्या स्थानकावरून सुटलेली गाडी साडेआठच्या सुमारास गावात येई आणि देवळापुढच्या पिंपळाखाली रात्रभर उभी राही. चालक आणि वाहक ग्रामपंचायतीने दिलेल्या खोलीत आपल्या वळकट्या पसरत, कोणाच्या तरी घरून त्यांना भाकरी-कालवण येई, आणि पहाटे साडेपाचला इंजिनाची घरघर कानी आली की ज्याला त्याला उठण्याची वेळ कळे. त्या गाडीत तालुक्याच्या दवाखान्यात निघालेला दमेकरी म्हातारा असे, मेथी-कोथिंबिरीच्या पाट्या घेऊन बाजाराला निघालेल्या बाया असत, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कचेरीत खेटे घालणारा शेतकरी असे, आणि मागच्या बाकांवर, पुस्तक उघडे ठेवून डुलक्या घेणाऱ्या, कनिष्ठ महाविद्यालयाच्या मुली असत. कचेरीतले काम उरकून, दवाखान्यातली रांग संपवून, वर्ग आटोपून माणूस त्याच दिवशी रात्री आपल्या घरी परत येऊ शके. गावाचा दिवस त्या गाडीने दोन-तीन तासांनी लांबवला होता, असे मला नेहमी वाटत आले आहे.

२०२० च्या टाळेबंदीत गाडी थांबली, त्यात कोणाचा दोष नव्हता. पुढे कर्मचाऱ्यांचा दीर्घ संप झाला, तो २०२१ च्या शरद ऋतूपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत रेंगाळला; त्या संपामागे त्या माणसांच्या पोटाचे खरे प्रश्न होते, हे मी येथेच नमूद करून ठेवतो. संप मिटल्यावर मोठ्या रस्त्यांवरील गाड्या हळूहळू धावू लागल्या, परंतु आमच्यासारख्या आडगावांच्या कितीतरी फेऱ्या परत आल्याच नाहीत. ग्रामसभेने ठराव केला, आम्ही अर्ज दिला, आणि काही महिन्यांनी उत्तर आले की सदर मार्गावर भारमान अपुरे असल्याने फेरी चालविणे परवडत नाही.

या भारमानाविषयी मला थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण त्या एका शब्दाने खेड्यांच्या अनेक मागण्या निकालात निघतात. गाडीत जितक्या जागा असतात त्यांपैकी किती भरल्या याचे प्रमाण म्हणजे भारमान. ते मोजणे आवश्यक आहे, आणि ज्याला पगार आणि डिझेल भागवावयाचे आहे त्याने ते मोजले तर त्याला नावे ठेवता येणार नाहीत. परंतु गाडी रिकामी का धावते, हे त्या आकड्यावरून कळत नाही. टाळेबंदीच्या आधी काही वर्षे आमच्या शाळेवरून जाणारी दुपारची परतीची फेरी चार वाजून चाळीस मिनिटांनी निघून जात असे आणि आमची शाळा पाच वाजता सुटत असे. वीस मिनिटांचा हा फरक. पहिल्या वर्षी वर्गशिक्षक शेवटच्या तासाला मुलांना लवकर सोडीत. दुसऱ्या वर्षी तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांनी त्याविषयी शेरा मारला, तेव्हा ते बंद झाले. मुले वडापने, म्हणजे खासगी जीपगाड्यांनी, जाऊ लागली, ज्यांना ते परवडेना ती चालू लागली, आणि तिसऱ्या वर्षी त्या फेरीचे भारमान घटले. मी आगाराला पत्र लिहिले. आगारप्रमुखांनी सौजन्याने समजावून सांगितले की तीच गाडी पुढे सहा वाजता दुसऱ्या मार्गावर लागते, चालकाची पाळी त्यानंतर संपते, तेव्हा वेळ बदलणे त्यांच्या हाती नाही. मी शिक्षण खात्याला लिहिले. तेथून कळले की शाळेची वेळ बदलावयाची तर व्यवस्थापन समितीचा ठराव, पालकांची संमती आणि वरिष्ठांची मान्यता हवी, शिवाय दुसऱ्या बाजूने येणाऱ्या मुलांची गैरसोय होईल. दोन्ही उत्तरे खरी होती. त्या वीस मिनिटांना मात्र कोणी धनी नव्हता, आणि ती वीस मिनिटे सोडवण्यासाठी दोन अधिकाऱ्यांना समोरासमोर बसवू शकेल असा तिसरा कोणी तालुक्यात मला सापडला नाही.

याचा परिणाम मी हजेरीपटावर पाहिला आहे. जूनमध्ये नववीचा पट लिहिताना वाड्या-वस्त्यांवरील मुलींची नावे मी स्वतः सुवाच्य अक्षरांत लिहीत असे. जुलैच्या पावसात त्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा वाढू लागत, ओढ्याला पाणी, गाडी आली नाही, धाकट्या भावंडाला ताप, अशी कारणे येत. आणि गणपतीनंतर एखादे दिवशी कोणाचा तरी बाप शाळेत येऊन, माझ्याकडे न पाहता, दाखला मागे. शिक्षण हक्क कायद्याखालील आपल्या राज्याचे नियम पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी असे सांगतात, परंतु त्या कायद्याचे छत्र आठवीबरोबर संपते, आणि मुलीला घराबाहेर दूर पाठवताना आईबापांचे मन जेथून कचरू लागते तो टप्पा नेमका तेथूनच सुरू होतो. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार २०२३ साली शासनाने पुढे मांडला तेव्हा त्यावर पुष्कळ वाद झाला. मला त्या वादात शिरावयाचे नाही. मात्र शाळा कोठे असावी हा निर्णय मूल तेथे कसे पोचणार या निर्णयापासून वेगळा काढता येत नाही, एवढे मी अनुभवाने सांगतो.

कायदा या बाबतीत मुका आहे असे नाही. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ अधिनियमाच्या अठराव्या कलमाने कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची आणि सुसंघटित वाहतूक उत्तरोत्तर उपलब्ध करून देणे हे महामंडळाचे कर्तव्य ठरवले आहे, आणि त्याच अधिनियमाचे बाविसावे कलम महामंडळाने आपला कारभार व्यवहाराच्या तत्त्वांवर चालवावा असे सांगते. ही दोन कलमे एकाच कायद्यात शेजारी नांदतात. आडगावाला मात्र बहुधा दुसरेच कलम वाचून दाखवले जाते. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली तेव्हापासून ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ या ब्रीदाने या संस्थेने महाराष्ट्राची जी सेवा केली आहे तिचे ऋण माझ्या पिढीतल्या प्रत्येक खेडुताच्या अंगावर आहे. मी स्वतः शिकलो तो एस.टी.च्या पासावर. म्हणूनच तिला एकटीला पुढे करून सारा भार तिच्यावर टाकणे मला रुचत नाही. वीज, पाणी, आरोग्य यांवर शासन खर्च करते तेव्हा नफ्याचा प्रश्न कोणी विचारीत नाही, आणि जी गाडी माणसाला आरोग्य केंद्रापर्यंत नेते तिच्यावर मात्र तिकिटांतून आपला खर्च भागवण्याची सक्ती होते.

रस्त्यांचा इतिहास याहून सुदैवी आहे. १९४३ साली नागपूरला भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने देशातील रस्त्यांची राष्ट्रीय मार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग अशी प्रतवारी लावली आणि शेतीने संपन्न अशा मुलुखातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये असे ध्येय पुढे ठेवले. १९६२ मध्ये आपल्याकडे जिल्हा परिषदा आल्या आणि ग्रामीण रस्ते त्यांच्याकडे गेले. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत रस्ते, मोऱ्या, पूल, फेरीबोटी आणि दळणवळणाची इतर साधने हा विषय पंचायतींच्या यादीत लिहिला गेला. २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली आणि सपाटीवरील पाचशे व डोंगरी-आदिवासी भागातील अडीचशे लोकवस्तीची गावे बारमाही रस्त्याने जोडण्याचे काम हाती घेतले गेले. २०१५ मध्ये राज्याने त्याला मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेची जोड दिली. हे मोठे काम आहे, आणि ते ज्यांनी केले त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे. परंतु या साऱ्या खटाटोपात मोजला गेला तो रस्ता. किती किलोमीटर झाले, किती वस्त्या जोडल्या, किती निधी खर्ची पडला याचे तक्ते आपल्या दप्तरात आहेत. त्या रस्त्यावरून दररोज कोण, कशाने, कोणत्या वेळी, काय देऊन जातो याचा तक्ता बहुधा नाही. आणि तसा तक्ता करणे अशक्य आहे असेही नाही, कारण १९३५ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटारबस वाहतुकीची पाहणी प्रसिद्ध केली होती. ज्या काळी मोटार ही खेड्यात नवलाई होती त्या काळी हे घडले.

आता एक अगदी लहान गोष्ट सांगतो, जी कोणत्याही मोठ्या चर्चेत येत नाही. आमचा डांबरी रस्ता पावणेचार मीटर रुंद आहे आणि तो गावातल्या शाळेच्या कुंपणापाशी संपतो. एस.टी.ची गाडी अडीच मीटरच्या आसपास रुंद असते, आणि तिला वळायला जी जागा लागते ती त्या रस्त्याच्या शेवटी नाही. पिंपळाखालची मोकळी जागा होती तोवर अडचण नव्हती. पुढे तेथे समाजमंदिर झाले, ते हवेच होते. त्यानंतर गाडी शाळेपाशी येऊन थांबे, वाहक खाली उतरे, आणि तोंडात शिट्टी धरून, मागच्या पत्र्यावर हाताने थापा मारीत, तो चालकाला जवळजवळ दोनशे मीटर उलटे नेई, जेथे एका शेतकऱ्याने आपल्या बांधाजवळ गाडी वळवू दिली होती. उन्हाळ्यात हे निभावे. पावसाळ्यात साइडपट्टीची माती खचे. एका श्रावणात मागचे चाक चरात गेले आणि गाडी सोळा तास अडकून पडली. त्या दिवसापासून चालक गावात यायला नाखूश झाले, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही झालो असतो. आगाराच्या दप्तरी त्याची नोंद ‘रस्ता वाहतुकीस अयोग्य’ अशी झाली. रस्ता ज्यांनी केला त्यांच्या दप्तरी तोच रस्ता पूर्ण होता, देयके अदा झाली होती, फलक लागला होता. मी तो अंदाजपत्रकाचा कागद ग्रामपंचायतीत बसून वाचला: मोऱ्या होत्या, गटारे होती, किलोमीटरचे दगड होते, गाडी वळवण्याची जागा नव्हती. रस्ता आखणाऱ्याने त्यावर गाडी येईल अशी कल्पनाच केली नव्हती, आणि त्याला तशी कल्पना द्यायला आगाराच्या माणसाला कोणी बोलावले नव्हते. त्या बांधापलीकडे तीन गुंठे सरकारी पड जमीन आहे. तलाठ्यांना ती ठाऊक आहे. मुरूम टाकून दाबून दिली तर गाडी एका दमात वळेल.

वडापवाल्यांविषयी लिहिल्यावाचून हे पत्र पुरे होणार नाही. गाडी बंद झाल्यावर आमच्याकडे जीपगाड्या आणि टमटम यांनीच गाव जिवंत ठेवले आहे. रात्री-बेरात्री बाळंतिणीला तालुक्याला नेणारा वडापवालाच असतो, आणि त्याला कोणत्या घरचे कोण केव्हा निघणार हे तोंडपाठ असते. परंतु तो माणसे भरल्याशिवाय सुटत नाही, नऊ जणांच्या जागी अठरा कोंबतो, शाळकरी मुलगी टपाशी लोंबकळत जाऊ शकत नाही म्हणून मागे राहते, आणि अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहतो. अधूनमधून त्याच्यावर कारवाई होते, दोन दिवस रस्ता ओस पडतो, तिसऱ्या दिवशी तो पुन्हा येतो, कारण गावाला तो लागतोच. त्याला असे चोरट्यासारखे जगू देण्यापेक्षा जेथे महामंडळाची फेरी नाही अशा फाट्यापर्यंतच्या तुकड्यावर त्याला ठरलेल्या वेळा, ठरलेले भाडे आणि ठरलेली आसने यांच्या अटीवर रीतसर परवाना द्यावा, आणि फाट्यावर त्याची वेळ एस.टी.च्या वेळेशी जुळवावी, हा विचार आपल्या प्राधिकरणापुढे यावयास हवा.

हे सारे जमते, याचा एक पुरावा मी पाहिला आहे. आमच्या तालुक्यात काही वर्षांपूर्वी एक गटविकास अधिकारी आल्या होत्या. त्यांनी एका जुलैमध्ये आठ दिवस आपली सरकारी गाडी कचेरीत ठेवून दररोज वेगळ्या गावाच्या एस.टी.ने प्रवास केला. सोबत एक शंभर पानी वही. कोण कोठे चढले, कोण राहिले, कोणाची वेळ चुकली, हे त्या वहीत त्या लिहून घेत. नंतर त्यांनी आगारप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी आणि उपअभियंता यांना एका खोलीत तीन तास बसवले. त्या एका बैठकीत चार फेऱ्यांच्या वेळा बदलल्या आणि एका आरोग्य केंद्राच्या तपासणीचा वार बाजाराच्या वारी आला. निधी लागला नाही. पुढल्या वर्षी त्यांची बदली झाली, वही त्यांच्याबरोबर गेली, आणि दोन वर्षांत वेळापत्रक पूर्वपदावर आले. एका चांगल्या अधिकाऱ्याच्या वहीत राहिलेली गोष्ट दप्तराचा शिरस्ता व्हावी, एवढ्यासाठी मी आपणांस लिहीत आहे.

राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातील, मुलींना शाळेत नेणाऱ्या निळ्या गाड्यांनी हे दाखवले आहे की योजनेच्या पैशातून गाडी आली आणि तिची वेळ शाळेच्या घंटेवर बांधली गेली तर मुली शाळेत पोचतात. केरळात २०२२ पासून ‘ग्रामवंडी’ नावाने अशी व्यवस्था सुरू झाली आहे की स्थानिक स्वराज्य संस्था इंधनाचा खर्च सोसते, मार्ग आणि वेळा सुचवते, आणि गाडी, चालक, वाहक व दुरुस्ती राज्य परिवहन महामंडळ पाहते. आपल्या येथेही ग्रामपंचायतींनी व जिल्हा परिषदेने असा वाटा उचलावयाचे ठरवले तर जिल्हा योजनेत त्याला जागा असावी, आणि अशी मुभा आहे की नाही या शंकेत ग्रामसेवकाची फाइल वर्षभर फिरू नये. मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त निम्मे भाडे झाले, त्याआधी पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास मिळाला. या सवलती उत्तम आहेत, आणि ज्या गावात गाडी येत नाही त्या गावच्या म्हातारीला त्यांचा काहीही उपयोग नाही.

तेव्हा माझी विनंती अशी. येत्या शैक्षणिक वर्षापूर्वी, मे महिन्यात, प्रत्येक तालुक्यात तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली एक बैठक आपल्या आदेशाने व्हावी. तीत आगारप्रमुख, गटविकास अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, बांधकामचे उपअभियंते आणि परिवहन कार्यालयाचा प्रतिनिधी यांनी हजर असावे, आणि ज्या गावांची फेरी बंद आहे त्या गावांच्या सरपंचांना बोलावून ऐकून घ्यावे. तेथे ठरलेले वेळापत्रक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तहसीलदारांच्या सहीने लागावे. ग्रामसभेला विचारल्याशिवाय त्यातील फेरी रद्द होऊ नये. आणि कोणतीही फेरी भारमानाच्या कारणाने बंद करण्यापूर्वी तिची वेळ शाळेशी, बाजाराशी, दवाखान्याशी जुळते की नाही हे एकदा पाहिले जावे. यापुढे ग्रामीण रस्त्याचे अंदाजपत्रक मंजुरीला येईल तेव्हा त्यावर आगाराच्या माणसाचा अभिप्राय घेतला जावा, आणि रस्त्याच्या शेवटी गाडी वळण्यापुरती जागा आहे का, हा प्रश्न त्यात विचारला जावा.

आमच्या ग्रामपंचायतीने चालक-वाहकांची खोली अजून कोणाला दिलेली नाही. गेल्या दिवाळीत तिला चुना लावून घेतला, दिवा बदलला, आणि वळकट्या ठेवायची फळीही जागच्या जागी आहे. गाडी पाठवावी.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त मुख्याध्यापक